नारळ फोडला, पण खिरीसाठी

वैशाख पौर्णिमा जवळ आली की आमच्या केळझरच्या वस्तीत दोन गोष्टींची चर्चा सुरू होते. विहाराला रंग कोण देणार आणि खिरीला दूध कुठून आणणार. रंगाचे काम पोरे अंगावर घेतात. दुधाची काळजी मात्र आम्हा बायांच्या वाट्याला येते. वर्धा जिल्ह्यातला मे महिना कसा असतो हे वाचकांना सांगायला नको. पारा चव्वेचाळीसच्या वर चढलेला असतो. संध्याकाळी घरोघरी फिरून गोळा केलेले दूध सकाळपर्यंत टिकेल याचा भरवसा नसतो.

काही वर्षांपूर्वी नेमके तेच झाले. पौर्णिमेच्या सकाळी गंज चुलीवर चढवला, तांदूळ टाकला आणि अर्ध्या तासात सारे दूध फाटले. दिवसाच्या मजुरीतून दहा-वीस रुपये काढून दिलेल्या घरांची वर्गणी आमच्या डोळ्यांदेखत नासली. त्या दिवशी आम्ही साखरपाणी वाटले आणि मान खाली घालून घरी आलो.

त्याच संध्याकाळी वस्तीतल्या एका सुनेने सुचवले, "पुढच्या वर्षी नारळाच्या रसाची करू. आमच्याकडे तर तशीच करतात." ही सून कोकणातली आहे. तिच्या माहेरी सणाला शेवयांवर नारळाचा गोड रस घालतात. खिरीतही गाई-म्हशीच्या दुधाऐवजी नारळाचे दूध चालते. आम्ही विदर्भातली माणसे. आमच्या शेतात कापूस, सोयाबीन, तूर. नारळाचे झाड आमच्या भागात औषधापुरते. तरी करून पाहायचे ठरले.

"नारळ कायले आणला वो?"

पुढच्या वर्षी दोन नारळ घेऊन आम्ही घरी आलो, तर ओसरीत बसलेल्या आजीने दुरूनच हटकले, "नारळ कायले आणला वो? आपण सोडलं ना ते सारं!"

आजीचा प्रश्न खोटा नव्हता. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या हजारो वर्षांच्या बेड्या तोडल्या. त्या दिवसापासून आमच्या घरांतून देव्हारे गेले, नवस गेले, अंगात येणे गेले आणि त्याबरोबर नारळ फोडणेही गेले. घरभरणी असो की विहिरीचे काम, आपण त्रिशरण-पंचशील घेतो, नारळ फोडत नाही. आमच्या गावात टेकडीवर गणपतीचे प्रसिद्ध देऊळ आहे. अशा ठिकाणी पूजेच्या दुकानांत नारळांची रास लागलेली असते. त्यामुळे आमच्याकडे नारळ म्हटला की डोळ्यांपुढे देऊळच उभे राहते. ज्या पिढीने हे सारे सोडताना घरच्यांचे आणि गावकीचे टोमणे सोसले, त्या पिढीला दारात नारळ पाहून धास्ती वाटली तर नवल नाही. एका वाटेने नारळ आला तर दुसऱ्या वाटेने अंगारा येईल, ही भीती त्यामागे असते.

आम्ही आजीपाशी बसलो. म्हटले, "आजी, आपण नारळ सोडला की नारळ फोडून देवाला काही मागणे सोडले?" आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मागणं सोडलं."

येथे आपण सर्वांनी थोडा विचार करायला हवा. नारळ हे फळ आहे. केरळात, कोकणात, गोव्यात तो रोजच्या जेवणातला पदार्थ आहे. भाताने नवस फेडणारे लोकही आहेत, म्हणून आपण भात खाणे सोडले नाही. सोडायचा तो खोटा विश्वास. नारळात कोणताही देव नाही, तसे कोणतेही पापही नाही.

जगातल्या बौद्धांकडे पाहिले तर ही गोष्ट आणखी स्पष्ट होते. १९५० साली बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी ज्या सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला गेले होते, त्या देशात सणावाराला 'किरिबत' करतात. किरि म्हणजे दूध आणि बत म्हणजे भात. हा भात गाईच्या नव्हे, नारळाच्या दुधात शिजवतात. वैशाख पौर्णिमेला तिथे रस्त्यारस्त्यावर 'दन्सल' लागतात. तिथे येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही, धर्म-जात न विचारता, फुकट जेवण आणि थंड पेय देतात. शतकानुशतके धम्म सांभाळलेल्या देशातल्या उपासकांना नारळाने धम्मापासून दूर नेले नाही. मग आपल्याला तो का नेईल?

सुजाताची खीर काय सांगते?

वैशाख पौर्णिमेला खीर का करतात हे आपल्या लेकरांना नीट सांगायला हवे. सिद्धार्थ गौतमाने अन्नपाणी तोडून कठोर तप केले. शरीर हाडांचा सापळा झाले, पण प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही. शरीर छळून ज्ञान मिळत नाही हे त्यांना उमगले. त्या वेळी उरुवेला येथील सेनानीची कन्या सुजाता हिने त्यांना अन्न दिले. आपल्याबरोबरच्या माणसाने अन्न घेतले म्हणून पाच परिव्राजक रागावून निघून गेले. पण त्या अन्नाने आलेल्या बळावरच पुढे बोधिवृक्षाखाली संबोधी प्राप्त झाली.

या प्रसंगातली एक बाब आपण बहुतेक वेळा विसरतो. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ती दिली आहे. सुजाताने ते अन्न गौतमासाठी शिजवले नव्हते. पुत्र व्हावा म्हणून तिने वडाच्या झाडाला नवस केला होता आणि तो फेडण्यासाठी स्वयंपाक केला होता. तिची दासी पुन्ना आधी जागा पाहायला गेली, तर झाडाखाली गौतम बसलेले. तिला वाटले, वृक्षदेवच प्रकट झाला. सुजाता धावत आली आणि तिने ते अन्न गौतमांना दिले.

म्हणजे झाडाच्या देवाला जायचे ते अन्न एका उपाशी माणसाच्या पोटात गेले. त्या माणसाने जगाला दुःखमुक्तीचा मार्ग दिला. आम्हाला वाटते, आमच्या नारळाचा हिशेबही असाच आहे. देवळाच्या पायरीवर फुटायचा तो नारळ आमच्या वस्तीत फुटतो आणि उन्हातून आलेल्या तहानलेल्या माणसाच्या पोटात जातो. आजीला हे सांगितले तेव्हा तिने स्वतःच विळा मागून नारळाची शेंडी काढायला घेतली.

नारळ निवडताना

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. आपल्या भागात नारळ दुरून येतो, त्यामुळे शिळा निघण्याची शक्यता असते. हातात घेतला की जड लागला पाहिजे. कानाशी हलवला की पाण्याचा आवाज आला पाहिजे. पाणी आटलेला नारळ घेऊ नये. शेंडीखालचे तीन डोळे कोरडे हवेत. तिथे ओल किंवा बुरशी दिसली तर तो परत करावा. पूर्ण पिकलेला, तपकिरी करवंटीचाच नारळ हवा. शहाळ्यातून दाट दूध निघत नाही.

फोडताना पाणी भांड्यात धरावे आणि वास घेऊन चाखावे. आंबूस लागले तर तो नारळ बाजूला ठेवावा. एक खराब नारळ साऱ्या गंजाची चव घालवतो. म्हणून प्रत्येक नारळ आधी वेगळा तपासावा, मगच एकत्र करावा.

कोकणात खोबरे खोवायला खोवणी असते. आपल्याकडे ती बहुधा नसते. त्यावर सोपा उपाय आहे. फुटलेल्या वाट्या करवंटीची बाजू खाली करून विस्तवावर दोन-तीन मिनिटे धराव्या. खोबरे करवंटीपासून सुटते आणि चाकूच्या टोकाने अख्खे निघते. मग त्याचे बारीक तुकडे करावे. पाठीची तपकिरी साल काढली तर खीर पांढरी शुभ्र होते, नाही काढली तरी चवीत फरक पडत नाही.

साहित्य

दहा-बारा माणसांसाठी:

मोठे नारळ २
तांदूळ मोठी मूठभर, म्हणजे सुमारे ५० ग्रॅम
गूळ पाव किलो
वेलदोडे ५-६
कलमीचा बोटभर तुकडा
जायफळ चिमूटभर, असल्यास
मीठ चिमूटभर
पाणी सुमारे १० पेले

कृती

तांदूळ धुऊन दोन तास भिजत घालावे. नंतर पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये एक पेला पाणी घालून गंधासारखे बारीक वाटावे. कणी राहिली तर पिताना घशाशी लागते.

खोबऱ्याचे तुकडे वाटून घ्यावे. त्यात दोन पेले कोमट पाणी घालावे. बोट सहन करील इतकेच पाणी गरम हवे. दहा मिनिटे थांबून स्वच्छ सुती फडक्यात घालून घट्ट पिळावे. जुन्या धुवट साडीचे किंवा पंचाचे फडके चालते, मात्र ते आधी उकळत्या पाण्यातून काढावे. हे झाले पहिले, दाट दूध. ते वेगळे झाकून ठेवावे.

उरलेल्या चोथ्यात चार पेले कोमट पाणी घालून पुन्हा वाटावे आणि पिळावे. तिसऱ्यांदा तीन पेले पाण्यात तसेच करावे. दुसरे आणि तिसरे दूध एकत्र करावे. हे पातळ दूध.

पातळ दूध गंजात घेऊन मंद आचेवर ठेवावे. त्यात वाटलेला तांदूळ आणि कलमी घालून एकसारखे ढवळत राहावे. येथे कंटाळा करू नये, तांदूळ लगेच तळाशी बसतो आणि करपतो. दहा-पंधरा मिनिटांत ते पेजेसारखे दाटसर होते आणि तांदळाचा कच्चा वास जातो. मग चिरलेला गूळ थोड्या गरम पाण्यात विरघळवून, गाळून त्यात घालावा. गुळात खडे-काड्या असतात, म्हणून गाळणे आवश्यक आहे.

गूळ मुरला की आच अगदी कमी करावी आणि दाट दूध ओतावे. आता उकळी येऊ द्यायची नाही. कडेला वाफ दिसू लागली की गंज खाली उतरवावा. वेलदोड्याची पूड, जायफळ आणि मीठ घालून ढवळावे. चिमूटभर मिठाने गोडी खुलते, हे कोकणातल्या सुनेने शिकवले आणि आम्हाला ते पटले.

ही खीर चमच्याने खायची नाही, पेल्याने प्यायची आहे. निवल्यावर ती आणखी दाट होते. फार दाट वाटली तर उकळून निवलेले पाणी घालावे.

शंभर पेल्यांसाठी साधारण १६ नारळ, ४०० ग्रॅम तांदूळ आणि २ किलो गूळ असा हिशेब आम्ही धरतो. नारळ सोलण्या-फोडण्याला पोरांना लावावे. खीर हे केवळ बायांचे काम नाही.

कुठे चुकते?

पहिली चूक आचेची. नारळाचे दूध खळखळ उकळले की त्यातले तेल वर येते आणि खाली पाणी राहते. म्हणून पातळ दूध आधी शिजवायचे आणि दाट दूध शेवटी घालायचे. तांदळाची पेज हे दूध धरून ठेवते, त्यामुळे तांदूळ वगळू नये.

दुसरी शंका गुळाची. म्हशीच्या गरम दुधात गूळ घातला की ते बरेचदा फाटते, म्हणून आपण साखर वापरतो. नारळाच्या दुधात ती भीती नसते, कारण गाई-म्हशीच्या दुधातले जे सत्त्व फाटून त्याचा छन्ना होतो, ते नारळाच्या दुधात नसतेच. त्यामुळे येथे गूळ खुशाल वापरावा.

तिसरी आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे ती फार वेळ ठेवणे. नारळाचे दूध फाटत नसले तरी उन्हाळ्यात आंबते, आणि कोमट खीर सर्वांत लवकर बिघडते. रात्री करून सकाळी वाटू नये. पहाटे करावी आणि लगेच गार करावी. आमच्याकडे शीतपेटी नव्हती तेव्हा आम्ही मोठ्या घंगाळात माठाचे पाणी घालून त्यात खिरीचा गंज ठेवत असू, वरून ओले फडके टाकत असू आणि पाणी दोन-तीनदा बदलत असू. आजही मोठ्या गंजाला तोच उपाय सोयीचा आहे. बर्फ बाहेरच्या बाजूला ठेवावा, खिरीत टाकू नये, कारण बाजारचा बर्फ कोणत्या पाण्याचा आहे हे आपल्याला ठाऊक नसते. निवल्यावर तासा-दोन तासांत वाटून संपवावी. चव जराशी जरी आंबट वाटली तरी मोह न धरता ओतून द्यावी. शंभर माणसांच्या पोटाचा प्रश्न असतो.

चोथा फेकू नये. मिरची-लसूण घालून चटणी होते किंवा गुळात परतून लेकरांसाठी लाडू होतात. करवंट्या वाळवून चुलीला लावता येतात.

आणखी एक सांगणे. ही खीर सणाची आहे. नारळात स्निग्धांश भरपूर असतो आणि गूळही साखरेसारखाच रक्तातली साखर वाढवतो, म्हणून मधुमेह किंवा हृदयाचा विकार असलेल्यांनी अर्ध्या पेल्यावर थांबावे. तसेच लहान लेकरांच्या रोजच्या दुधाची जागा नारळाचे दूध घेऊ शकत नाही, हे आयांनी लक्षात ठेवावे.

सणाचा पेला कशाने भरायचा?

सातासमुद्रापार पोर्तो रिको नावाचे बेट आहे. तिथले लोक नाताळात 'कोकितो' नावाचे पेय घरोघरी करतात. कोकितो म्हणजे लहानसा नारळ. नारळाचे दूध, आटवलेले गोड दूध, कलमी, जायफळ असे सारे आपल्यासारखेच. फरक इतकाच की त्यात ते रम घालतात. आमच्या खिरीची आणि त्यांच्या पेयाची इतकी जवळीक पाहून आम्हाला गंमत वाटली. पण त्या शेवटच्या वस्तूपाशी आमचा रस्ता वेगळा होतो.

पाचवे शील आपण दर रविवारी विहारात घेतो. बावीस प्रतिज्ञांत दारू पिणार नाही ही प्रतिज्ञा बाबासाहेबांनी स्वतः आपल्याला दिली. आमचा वर्धा जिल्हा तर १९७० च्या दशकापासून दारूबंदीचा जिल्हा आहे. तरीही दारू कुठे आणि कशी मिळते हे आमच्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. कागदावरच्या बंदीने घरातली बाटली गेली नाही. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत निळा गमछा बांधलेला एखादा तरुण झोकांड्या खाताना दिसतो, तेव्हा त्याच्या आईची मान कशी खाली जाते हे आम्ही पाहिले आहे. ज्या घरात आठवड्याची मजुरी शनिवारी रात्रीच संपते, त्या घरच्या लेकरांना खीर कशाची मिळणार?

नुसते 'पिऊ नका' म्हणून भागत नाही, असा आमचा अनुभव आहे. सणाच्या दिवशी माणसाला चारचौघांत बसून काहीतरी प्यावेसे वाटते, आनंद वाटून घ्यावासा वाटतो. त्या हाताला आपण काय देतो हा खरा प्रश्न आहे. गेल्या काही पौर्णिमांपासून आम्ही नारळ फोडणे, पिळणे आणि गंज ढवळणे ही कामे तरुणांवर सोपवली. पहाटे चारला उठायचे म्हटल्यावर आदल्या रात्रीच्या बैठका आपोआप मोडल्या. सारे सुधारले असा आमचा दावा नाही. पण जो पोरगा गंजापाशी उभा राहून शंभर माणसांना खीर वाटतो, त्याला त्या दिवशी तरी तोंडाला वास घेऊन उभे राहणे जमत नाही.

गंज रस्त्यावर न्या

शेवटची आणि आम्हाला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट. आधी आम्ही खीर विहारातच वाटत होतो. आपलीच माणसे, आपलेच पेले. आता आम्ही गंज वर्धा-नागपूर रस्त्याच्या कडेला नेतो आणि कडुनिंबाच्या सावलीत टेबल मांडतो. एसटीचे प्रवासी, ट्रकवाले, देवळाकडे निघालेले भाविक, बांधकामावरचे मजूर, सर्वांना बोलावतो.

कुणी विचारतो, "कशाची खीर?" आम्ही सांगतो, "बुद्ध पौर्णिमेची." मग कुणी हात पुढे करतो. कुणी 'उपास आहे' म्हणून निघून जातो. उपास खरा की खोटा हे आम्ही विचारत नाही. पण समजायचे ते समजते.

पहिल्या वर्षी आजीही आमच्याबरोबर आली होती. तिच्या लहानपणी विहिरीवर पाणी मागितले की वरून ओंजळीत ओतत, भांड्याला भांडे लागू देत नसत. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ते याच अपमानाविरुद्ध. त्या दिवशी रस्त्यावर देवळातून परतणारी एक म्हातारी उन्हाने थकून आमच्या टेबलापाशी टेकली. कपाळावर कुंकू, हातात प्रसादाची पिशवी. आजीने पेला भरून तिच्या हातात दिला. म्हातारीने तो ओठाला लावून सगळा संपवला आणि म्हणाली, "अजून आहे का वो बाई?"

आजीने दुसरा पेला भरला. परत येताना ती आम्हाला म्हणाली, "पुढच्या साली चार नारळ जास्त आणजा."

धम्मभगिनींनो, येत्या वैशाख पौर्णिमेला आपणही दोन नारळ आणून घरी ही खीर करून पाहा. हात बसला की वस्तीची करा आणि मग गंज विहाराच्या फाटकाबाहेर न्या. पेला सर्वांना एकच ठेवा, तो स्वच्छ धुवा आणि काठोकाठ भरून हातात द्या.

जयभीम!